एलिओ ग्रेसी : मोठा लढवय्या की मोठा मास्तर?

रानवारा

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या झुंजविद्येबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते यूएफसी या अमेरिकेतल्या मुक्त झुंजींच्या स्पर्धेपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं आणि लोक थक्क झाले. त्या रात्री रॉयसच्या गोटात त्याचे ८० वर्षांचे वडील होते. हा धागा त्यांच्यावर आहे.

एलिओ ग्रेसी. जन्म १ ऑक्टोबर १९१३, बेलेम, उत्तर ब्राझील. मृत्यू २९ जानेवारी २००९. ९५ वर्षांचं आयुष्य आणि त्यातली जवळजवळ ८० वर्षं मॅटवर.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी कुळकथा. जपानच्या कोडोकान या जुदोच्या मूळ शाळेत तयार झालेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे बेलेममध्येच स्थायिक झाले. तिथे गास्ताँव ग्रेसींच्या थोरल्या मुलाने, कार्लोसने, त्यांची विद्या घेतली. कुटुंब रिओला आलं आणि कार्लोसने ती धाकट्या भावांना दिली. एलिओ भावांत सगळ्यात धाकटे, अंगाने काडी. घरच्यांच्या सांगण्यानुसार त्यांना चक्कर येई, म्हणून डॉक्टरांनी कसरत बंद केली होती आणि ते नुसते बसून थोरल्यांचं शिकवणं बघत. एक दिवस मारिओ ब्रांट नावाचे बँकेतले बडे अधिकारी शिकवणीला आले, कार्लोस वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा या पोराने धडा घेतला. नंतर ब्रांटनी सांगितलं की यापुढे मला हाच शिकवू दे.

आता माझं म्हणणं. एलिओंच्या दोन सगळ्यात गाजलेल्या लढती, १९५१ ची किमुराविरुद्धची आणि १९५५ ची वाल्देमार सांतानाविरुद्धची, दोन्ही ते हरले. तरी आज जगभर कुठल्याही शहरात एखादी बारीक चणीची मुलगी पाठीवर पडून दांडग्या माणसाला शरण आणते, तेव्हा त्यात त्यांचा हात असतो. ज्याच्या अंगात रग आहे तो रगीवर भागवून नेतो, त्याला डाव मुळापासून कळला नाही तरी चालतं. ज्याच्याकडे ती नाही त्याला प्रत्येक डाव उकलून बघावा लागतो, आणि असा माणूसच दुसऱ्याला शिकवू शकतो. माझ्या मते एलिओ आधी मास्तर, मग लढवय्ये. तुम्हाला काय वाटतं? आणि आयुष्यभर शिकवत राहिलेले असे आणखी कोणी माहीत असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा.

बोरकूट

वाचतेय. येऊ दे अजून.

तांबडी_माती

मी कुस्तीतला. लहानपण कोल्हापूरच्या तालमीत गेलं. आमच्याकडे पाठ टेकली की कुस्ती गेली, हलगी थांबली, विषय संपला. या जिउ-जित्सूच्या व्हिडिओत माणसं आपणहून पाठीवर पडतात! पाठीवर पडलेल्या माणसाने जिंकायचं हे काही माझ्या गळी उतरत नाही. कोणी समजावून सांगेल का?

मास्तर-लढवय्या या प्रश्नावर मात्र सहमत. आमचे वस्ताद स्वतः कधी मोठं मैदान मारलेले नव्हते. पण काठावर बसून नुसतं "उजवा पाय आत" म्हणाले की खालच्याची सुटका व्हायची. आणि मैदानं गाजवलेले काही मल्ल पुढे शिकवायला लागले तर त्यांना स्वतः काय करत होतो तेच सांगता येईना.

निळा_बेल्ट

@तांबडी_माती दादा, नियमच वेगळा आहे. इथे पाठ टेकल्याने काही संपत नाही. समोरचा हाताने थापटून शरण आला की संपतं.

समजा तुम्ही पाठीवर आहात आणि तो तुमच्या दोन्ही पायांच्या मध्ये आहे. तुमचे पाय त्याच्या कमरेला वेढलेत. याला गार्ड म्हणतात. त्याला ठोसा मारायला जवळ यावं लागतं आणि जवळ आला की त्याचा हात नाहीतर मान तुमच्या हाती लागते. तुमच्याकडे दोन हात, दोन पाय आणि कंबर असं सगळं मोकळं. त्याचे पाय मात्र गुडघ्यांवर अडकलेले.

याहून वाईट जागा म्हणजे तो तुमच्या पोटावर स्वार झालाय, गुडघे तुमच्या दोन्ही बाजूंना, हात तुमच्या गळ्याशी. नवखा माणूस हमखास त्याच्या छातीला ढकलतो. ९० किलो असे ढकलले जात नाहीत, उलट सरळ झालेला हात आयता त्याच्या हाती जातो. म्हणून करायचं असं. त्याचा एक हात मनगटाला आणि कोपराच्या वर धरून आपल्या छातीशी दाबून ठेवायचा. त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलाने बाहेरून अडवायचं. आता त्या बाजूला टेकायला त्याच्याकडे हातही नाही आणि पायही नाही. एका बाजूचे पाय काढलेल्या टेबलासारखी त्याची गत. मग टाचा ढुंगणाजवळ ओढायच्या, कंबर आधी सरळ वर उचलायची आणि नंतर त्या बाजूच्या खांद्यावरून तिरकं लोळायचं. आधी वर, मग तिरकं. क्रम उलटा केला की काहीच होत नाही. माझं वजन ५२ किलो आहे आणि मी याच रीतीने माझ्या दुप्पट माणसांना उलटवते. कंबर सोडली तर बाकी अंगाची ताकद जवळपास लागतच नाही.

टोरन्सकर

वरच्या प्रतिसादाला +१. कॅलिफोर्नियात टोरन्सला एलिओंचे थोरले चिरंजीव रोरियन यांनी १९८९ मध्ये अकादमी उघडली, त्याआधी घराच्या गॅरेजात शिकवायचे. मी नवशिक्यांच्या वर्गात गेलो तेव्हा पहिलाच धडा हा सुटकेचा होता. कोणाला पाडायचं, कोणाचा गळा धरायचा हे नंतर. आधी, सगळ्यात वाईट जागी सापडलास तर जिवंत कसा राहशील ते शिक. म्हाताऱ्या एलिओंचे व्हिडिओ बघा, त्यांचं बोलणंही नेहमी हेच की मी जिंकायच्या आधी न हरण्याचा विचार करतो.

जुने_कागद

धागा चांगला आहे, पण घरच्यांनी सांगितलेली गोष्ट आणि कागदोपत्री इतिहास यांत अंतर आहे, ते इथे यायला हवं.

एक. सगळी विद्या माएदांकडून थेट कार्लोसकडे आणि कार्लोसकडून एलिओंकडे आली, ही सरळ रेघ नंतर आखलेली आहे. माएदांचे आणखी शिष्य होते. जासिंतो फेहो त्यातले एक, आणि दोनातो पिरेस दोस रेइस यांचंही नाव येतं. नंतरच्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून दाखवलंय की १९३० मध्ये रिओत अकादमी चालवणारे दोनातो पिरेस होते आणि ग्रेसी बंधू तिथे मदतनीस होते.

दोन. जॉर्ज ग्रेसी नावाचे एक भाऊ होते. लढती त्यांनी भरपूर केल्या, पण घराण्याशी बिनसल्यामुळे घरच्या कहाणीत ते जवळजवळ दिसतच नाहीत.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जमिनीवरचे हे डाव एलिओंनी शोधले असं लोक सर्रास म्हणतात. हाताच्या आणि गळ्याच्या पकडी जपानमध्ये आधीपासून होत्या. तिथल्या शाळा-कॉलेजांच्या कोसेन स्पर्धांत तर सगळा भर जमिनीवरच्या खेळावर असे.

चार. १९३२ मध्ये मानोएल रुफिनो दोस सांतोस या दुसऱ्या शिक्षकावर ग्रेसी बंधूंनी हल्ला केला. शिक्षा झाली, ती राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांनी माफ केली. मास्तर म्हणून आरती ओवाळताना हेही पानावर असू द्या.

चिंचेची_सावली

चौथा मुद्दा वाचून सुन्न झाले. दुसऱ्या शिक्षकाला जमावाने मारणारा माणूस "दुबळ्यांचा कैवारी" कसा काय?

रानवारा

@जुने_कागद, चारही मुद्दे योग्य. रुफिनो प्रकरण झालं तेव्हा एलिओ १९ वर्षांचे होते, तरी त्याचं समर्थन होत नाही. शिकवण्यावर पूर्ण माणूस तोलू नये, एवढंच मी म्हणेन.

पण तिसऱ्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. डाव जपानमध्ये होते, मान्य. एलिओंनी काय बदललं ते डावांच्या यादीत सापडणार नाही. कुठला डाव आधी शिकवायचा, कुठला नंतर, कुठला घाबरलेल्या माणसाच्या कामाचा, कुठला फक्त तरण्याताठ्या खेळाडूला झेपेल, ही निवड त्यांची. रिओ ब्रांको अव्हेन्यूवरच्या त्यांच्या अकादमीत वकील, बँकवाले, पुढारी यायचे, म्हणजे खुर्चीत बसून काम करणारी माणसं. धुतलेला गी (सरावाचा पोशाख) तिथेच मिळायचा, एकट्याला शिकवणी मिळायची, तासाभराच्या आत माणूस परत कामावर. अशा माणसाला रोज दोनशे जोर मारायला लावले असते तर तो दुसऱ्या दिवशी आलाच नसता.

पिठलंभाकर

रोज दोनशे जोर ऐकून मीही पहिल्याच दिवशी पळालो असतो. :)

कडेपठार

त्या १९५१ च्या लढतीबद्दल कोणीतरी नीट लिहा की. किमुरा हे नाव मी फक्त एका पकडीचं म्हणून ऐकलंय.

सागरवेडा

@कडेपठार, लिहितो. जरा लांबेल.

मासाहिको किमुरा, जन्म १९१७. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात जपानचा सर्वोत्तम जुदोका. १९५१ मध्ये तो दोघा सहकाऱ्यांसह ब्राझीलला आला. त्यातला एक कातो. एलिओ तेव्हा ३७ वर्षांचे. कातोबरोबरची पहिली लढत माराकाना स्टेडियमवर बरोबरीत सुटली, दुसऱ्या लढतीत साव पावलोला एलिओंनी गळ्याच्या पकडीने कातोला बेशुद्ध केलं. मग किमुराला उतरणं भाग पडलं.

२३ ऑक्टोबर १९५१, पुन्हा माराकाना. तोवर एलिओ ३८ चे झालेले. किमुरा वजनाने चांगला पंधरा-वीस किलोंनी जास्त आणि तयारीतला. किमुराने आपल्या आठवणींत लिहिलंय की तो आत शिरला तेव्हा तिथे शवपेटी ठेवलेली होती, आणि ती आपल्यासाठी आणलीय असं त्याला सांगण्यात आलं. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या होत्या. पहिल्या फेरीत किमुरा त्यांना फेकतच राहिला. एलिओंनी नंतर मुलाखतीत सांगितलं की त्या फेरीत गळा आवळला गेल्यावर त्यांची शुद्ध गेली होती, किमुराने दुसऱ्या डावासाठी पकड सोडली म्हणून ते भानावर आले.

दुसऱ्या फेरीत किमुराने त्यांना पाडून वरून दाबलं आणि हात पाठीमागे पिरगळला. कोपर दुमडलेलं, मनगट पाठीकडे नेत नेत खांदा उखडतो अशी ती पकड. एलिओंनी थापटलं नाही. किमुराने आणखी पिरगळला. तरीही नाही. शेवटी कार्लोसने टॉवेल टाकला, म्हणजे त्यांच्या वतीने हार मानली.

आज जगातल्या प्रत्येक जिउ-जित्सू वर्गात त्या पकडीला किमुरा म्हणतात. हरवणाऱ्याचं नाव हरणाऱ्याच्या घराण्याने आपल्या विद्येत कायमचं घेतलं. मला यात फार मोठं मन दिसतं. आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये काझुशी साकुराबा या जपानी लढवय्याने एलिओंच्या मुलाला, रॉयलरला, नेमक्या त्याच पकडीत अडकवून हरवलं. ४८ वर्षांनी तोच डाव, तेच घराणं.

आजीचा_बटवा

भाऊ असावा तर कार्लोससारखा. वेळेवर टॉवेल टाकणारा.

चिंचेची_सावली

सुरेख लिहिलंय @सागरवेडा. पण माझ्या मनात एक गोष्ट खटकतेय. वर्गात सगळ्यात आधी थापटायला शिकवतात, बरोबर ना? म्हणजे शरण येऊन उद्या पुन्हा शिकायला येता यावं म्हणून. आणि मास्तर स्वतः हात मोडेपर्यंत थापटत नाहीत. विद्यार्थ्याने यातलं काय घ्यायचं?

निळा_बेल्ट

आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "थापटायला लाजलास तर घरी जा." गेल्या वर्षी एका मुलाने थापटायला उशीर केला आणि त्याचं कोपर तीन महिने गळ्यात. त्यामुळे या बाबतीत मी एलिओंचं ऐकत नाही, सरांचं ऐकते.

सागरवेडा

@चिंचेची_सावली, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते हा लढवय्या आणि मास्तर यांच्यातला झगडाच आहे. लढवय्याला स्वतःच्या नावाची पडलेली असते. १९५५ ची लढत बघा. वाल्देमार सांताना त्यांच्याच अकादमीत शिकलेला, तिथेच कामाला असलेला. भांडण झालं, तो बाहेर पडला आणि २४ मे १९५५ ला दोघं समोरासमोर उभे राहिले. एलिओ ४१ वर्षांचे, सांताना ऐन तारुण्यात. लढत ३ तास ४० मिनिटांच्या वर चालली. शेवटी थकून गुडघ्यावर आलेल्या एलिओंच्या डोक्यात लाथ बसली आणि संपलं. कुठल्याही मास्तराने आपल्या ४१ वर्षांच्या विद्यार्थ्याला हे करू दिलं नसतं.

तांबडी_माती

३ तास ४० मिनिटं?? आमच्याकडे पूर्वी निकाली कुस्त्या तासन्‌तास चालायच्या असं आजोबा सांगायचे, पण त्यात लाथा नव्हत्या.

बाकी शिष्याने हरवलं म्हणजे मास्तराचं शिकवणं पावलं. शिष्यादिच्छेत् पराजयम्!

रानवारा

@तांबडी_माती, घराण्याने मात्र ते तसं घेतलं नाही. कार्लोसचा मुलगा कार्लसन याला सांतानासमोर उभं केलं, पहिली लढत बरोबरीत सुटली, पुढच्या वर्षी कार्लसन जिंकला. मजा म्हणजे पुढे कार्लसन घराण्यातला वेगळ्या वाटेचा शिक्षक झाला. एकेकट्याची महागडी शिकवणी सोडून त्याने मोठे वर्ग चालवले आणि त्यातून एकापेक्षा एक खेळाडू काढले.

लाल_मिरची

मला सगळ्यांचं म्हणणं थोडं बाजूला सारून एक नाव घ्यायचंय. ओस्वाल्दो फादा.

जन्म १९२१, मृत्यू २००५. माएदांचे शिष्य लुईझ फ्रांसा, त्यांचे हे शिष्य. म्हणजे ग्रेसींशी संबंध नाही, वेगळा प्रवाह. ग्रेसींची अकादमी शहराच्या मध्यात, श्रीमंतांसाठी. फादांची रिओच्या कडेला, बेंतो रिबेरो या कामगारवस्तीत, १९५० मध्ये सुरू झालेली. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला फुकट. अपंग मुलांनाही घ्यायचे. मोकळ्या मैदानात, समुद्रकिनाऱ्यावर, जागा मिळेल तिथे शिकवलं.

१९५० च्या दशकात त्यांनी ग्रेसींना उघड आव्हान दिलं. त्यांची पोरं ग्रेसी अकादमीत जाऊन लढली आणि भारी ठरली. कशाने, तर पायाच्या पकडींनी. ग्रेसींकडे पायाच्या पकडींना हलकं मानत, "वस्तीतले डाव" म्हणून नाक मुरडत. त्याच डावांनी पाणी पाजलं.

आज फादांचं नाव ब्राझीलबाहेर फारच थोड्यांना ठाऊक आहे. जगात गाजलेल्या नोव्हा उनियाओ संघाच्या दोन संस्थापकांपैकी वेंडेल अलेक्झांडर हे त्यांच्याच परंपरेतले. मोठा मास्तर कोण असं विचारलंत तर माझं मत फादांना. एलिओंनी दुबळ्या शरीराला विद्या दिली हे खरंच, पण ज्याच्या खिशात काही नाही त्याला ती फादांनी दिली.

कडेपठार

वा! हे नाव पहिल्यांदा ऐकलं. धाग्याचं सार्थक झालं.

जुने_कागद

@लाल_मिरची, मनापासून सहमत. फादांकडे त्यांचं नाव देशोदेशी नेणारी मुलंबाळं नव्हती. एलिओंकडे सात मुलगे. रोरियन, रेल्सन, रिक्सन, रोल्कर, रॉयलर, रॉयस, रॉबिन. सगळे शिकवणारे. कोणाचं नाव टिकतं यात शिकवण्याच्या दर्जाइतकाच गोतावळ्याचाही वाटा असतो.

आजीचा_बटवा

अवांतर : सगळे र वरून? बारशाला फार डोकं चालवावं लागलं नसेल.

बोरकूट

आता मला लिहायलाच हवं. इथवर एकाही बाईचं नाव आलं नाही, म्हणून केइको फुकुदा.

यांचा जन्मही १९१३ चाच, तोक्योचा. आजोबा हाचिनोसुके फुकुदा जिउ-जित्सूचे गुरू. तेन्जिन शिन्यो-र्यू ही त्यांची परंपरा. जुदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी जिउ-जित्सू शिकायला याच आजोबांकडे आले होते. पुढे कानोंनी आपल्या गुरूच्या नातीला स्वतः बोलावलं आणि १९३५ च्या सुमारास ती कोडोकानच्या महिला विभागात दाखल झाली. उंची पाच फुटांच्या आत, वजन ४५ किलोच्या आसपास. लग्न ठरत होतं, पण लग्नानंतर जुदो सोडावा लागणार होता, म्हणून तिने लग्नालाच नाही म्हटलं.

१९५३ मध्ये पाचवा दान (ब्लॅक बेल्टमधली पायरी) मिळाला. बायकांना त्याच्या वर चढायची मुभाच नव्हती! पुरुष पुढे जात राहिले आणि ही बाई तिथेच, १९७२ पर्यंत. तेव्हा कुठे मोहीम झाल्यावर सहावा मिळाला. त्याआधी १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये तिने जु-नो-काता हा जुदोच्या ठरावीक डावांचा संच करून दाखवला होता. १९६६ पासून अमेरिकेत स्थायिक. सान फ्रान्सिस्कोमध्ये स्वतःचा महिलांचा क्लब, आणि नव्वदीनंतरही मॅटच्या कडेला खुर्ची टाकून शिकवणं. २००६ मध्ये कोडोकानचा नववा दान, २०११ मध्ये अमेरिकन संघटनेने दहावा दिला. तेव्हा वय ९८. दोन वर्षांनी वारल्या.

एकही गाजलेली लढत नाही. तेव्हा बायकांना लढूच देत नसत. जे आहे ते सगळं शिकवणं. @रानवारा, तुझ्या प्रश्नाचं याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

रानवारा

बोरकूट, काय लिहिलंयस! एकोणीस वर्षं एका पायरीवर अडवून ठेवल्यावरही शिकवणं न सोडणं, हे मला एलिओंच्या ३ तास ४० मिनिटांपेक्षा मोठं वाटतं.

कडेपठार

दान आणि बेल्टचा विषय निघालाच आहे तर. माझ्या भाच्याला नवव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. जिउ-जित्सू नव्हे, दुसरंच काहीतरी. आमच्या गावातला एक क्लास, दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नापास कोणीच नाही. शाळेत एका पोराने ढकललं तर भाचा रडत घरी. चूक पोराची नाही, बेल्ट विकणाऱ्याची आहे.

निळा_बेल्ट

जिउ-जित्सूमध्ये हा त्रास जरा कमी आहे, कारण इथे वेळेला पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत ब्लॅक बेल्ट वयाच्या १९ च्या आधी नाहीच. तिथून लाल-काळ्या बेल्टला ३१ वर्षं, लाल-पांढऱ्याला ३८, आणि अख्ख्या लाल बेल्टला ४८. म्हणजे कितीही हुशार असलात तरी लाल बेल्ट ६७ च्या आधी नाही. एवढी वर्षं स्पर्धा कोण खेळणार? त्यातली बहुतेक शिकवण्यातच जातात. त्यावरचा दहावा दर्जा फक्त पहिल्या पिढीच्या भावांसाठी राखलेला, तो कोणाला मिळत नाही.

आणि ज्यांना हा मान होता ते एलिओ म्हातारपणी कमरेला विटका निळा बेल्ट बांधून उभे असलेले फोटोंत दिसतात. पूर्वी त्यांच्या अकादमीत शिक्षकांचा बेल्ट गडद निळा असे, तो.

पिठलंभाकर

९५ वर्षं जगले म्हणजे खात काय होते? मुद्द्याचं बोला कोणीतरी.

टोरन्सकर

@पिठलंभाकर, त्याचीही घराण्याची स्वतंत्र पद्धत आहे, कार्लोसनी बसवलेली. दोन जेवणांत साडेचार तासांचं अंतर, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. डुकराचं मांस नाही. आणि एका जेवणात एकच पिष्टमय पदार्थ.

पिठलंभाकर

म्हणजे पोळीनंतर भात नाही? सपशेल शरण. मी थापटलं.

आजीचा_बटवा

आणि साडेचार तासांत चहाही नाही का! ही विद्या महाराष्ट्रात रुजायची नाही.

सागरवेडा

विद्या भारतात मात्र फार आधी आली होती, हे इथे नोंदवून ठेवतो. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावलं आणि तिथे मुलांबरोबर मुलीही शिकल्या. त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, जिन्नोसुके सानो येऊन गेले होते. एलिओ रिओत अजून नवखे होते त्या काळात बंगालमधल्या मुली जुदोचे डाव करत होत्या. इथे त्याला पुढे पाठबळ मिळालं नाही.

तांबडी_माती

पाठबळाचं म्हणाल तर खाशाबांना तरी कुठे मिळालं होतं? १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, आणि तिथे जाण्यासाठी लोकांकडे हात पसरावे लागले होते. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे गाडी घसरायला नको.

चिंचेची_सावली

मूळ प्रश्नाकडे येते. मी शाळेत गणित शिकवते. ज्यांना गणित पहिल्या फटक्यात येतं ती मुलं दुसऱ्याला समजावायला बसली की "हे असंच असतं" म्हणून मोकळी होतात. ज्याला ते झगडून आलंय तो नेमका कुठे अडकायला होतं ते सांगतो. त्यामुळे रानवाराचं मूळ म्हणणं मला पटतं, फक्त एलिओंपुरतं त्यात एक भर घालावीशी वाटते. ब्रांट हे काही गोष्टीतलं दुय्यम पात्र नाही. वर्ग थोरल्या भावाचा, तो गैरहजर, समोर एक किरकोळ पोरगा, आणि हा मोठा अधिकारी तासानंतर म्हणतो की मला हाच हवा. कोणाकडून आपल्याला कळतंय हे ओळखणारा विद्यार्थी भेटला म्हणून मास्तर घडला. गोष्टीला घरच्यांनी थोडं तूप लावलं असेलही, पण एवढा भाग मला खरा वाटतो, कारण वर्गात असंच घडताना मी बघते.

रुफिनो प्रकरण मी विसरलेले नाही. त्यामुळे त्यांना आदर्श वगैरे म्हणणार नाही. शिक्षक म्हणून मोठे, इतकंच.

लाल_मिरची

@चिंचेची_सावली, फार नेमकं. मी फादांवर ठाम आहे, तरीही.

तांबडी_माती

@निळा_बेल्ट, तो पोटावर बसलेल्याला उलटवायचा डाव आज तालमीत पोरांना करायला लावला. पहिल्यांदा कोणालाच जमेना, कारण सगळे आधी तिरके लोळायला बघत होते. "आधी वर" म्हणून ओरडलो, मग जमलं. आमच्या ४८ किलोच्या पोराने ८० च्या गड्याला उलटा केला आणि तो गडी उठून म्हणतो, परत कर, मला कळलं नाही.

आता गार्डमधून हात धरायचा कसा ते लिही. कोपर कुठल्या बाजूला ठेवायचं आणि गुडघे कितपत आवळायचे, सविस्तर. पोरं विचारतायत.

निळा_बेल्ट

दादा, उद्या रात्री लिहिते. अंगठा वरच्या दिशेला, गुडघे एकमेकांना चिकटवून, आणि हात सरळ करताना झटका अजिबात नको, कंबर हळूहळू वर. बाकीचं लिहिल्याशिवाय पोरांना करू देऊ नका, कोपरं जातील.